बारा वर्षांची गाजरं

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

लावली एकदाची गाजरं. मी! जिच्या हातानं साधी तुळस टिकत नाही, तिनं.

सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि यांनी कुदळ माझ्या पुढ्यात टाकली. "आजच लाव काहीतरी मागच्या पट्टीत. काहीबी लाव. हिरवं दिसाया पाहिजे." घरात बी होतं एकच. अंगणवाडीत परसबागेच्या पुड्या आल्या होत्या, मेथी-पालक बाकीच्या सेविकांनी आधीच उचलले. गाजर कुणालाच नको होतं, म्हणून माझ्या वाट्याला.

घाई कशाची ते आजच लिहून ठेवते. नंतर माझं मलाच वेगळं वाटायला लागेल, मी मला ओळखते.

घरामागची पट्टी दहा फूट रुंद, पस्तीस फूट लांब. एका टोकाला आमची न्हाणी, दुसऱ्या टोकाला चतुराअक्कांचं मागचं दार. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. बद्रीनाथभाऊ गेल्यापासून एकट्या, मुलगा अंगद पुण्याला. त्यांची शेळी याच पट्टीत बांधलेली असते, याच पट्टीतून चरायला जाते. ती शेळी आणि तिची पिल्लं, यावरच त्यांचं मीठमिरची चालतं. पट्टी गेली तर शेळी गेली.

पण मागचा रस्ता सिमेंटचा झाला. पट्टी आमची झाली तर रस्त्याला लागून गाळा निघतो. गाळा निघाला तर संपत दुकान टाकतो. दुकान झालं तर संपतला मुलगी मिळते. माझं लेकरू सत्तावीस पूर्ण झालं. चार ठिकाणी पाहिलं, चारी ठिकाणी एकच – मुलगा करतो काय?

कागदावर पट्टी सामाईक आहे, कुणा एकाची नाही. घनसावंगीला तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज लिहिणारे राधेश्यामजी यांना म्हणाले, "वहिवाट दाखवा भाऊ. जो कसतो त्याचं पारडं जड. मोजणी मागवा, अन् त्याच्या आधी पीक उभं करा."

म्हणून गाजरं.

मी वाकून बी पुरत होते तेव्हा अक्का दारात उभ्या होत्या. दोन वर्षं बोलणं बंद आहे, याच पट्टीपायी. यांनी बंद केलं, म्हणून माझंही बंद. मी मान वर केली नाही.

९ ऑक्टोबर

काही नाही. रोज सकाळी तांब्या घेऊन जाते, माती बघते, परत येते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अजून काही नाही! नऊ दिवस झाले. वर मातीचा पापुद्रा धरलाय नुसता. हे रोज विचारतात, "उगवलं का?" जसं काही मीच आत धरून ठेवलंय.

आज मात्र एक गंमत झाली. गंमत म्हणावी की काय, कळत नाही. मी पाणी घालत होते आणि अक्कांचा आवाज आला. शेळीशी बोलत होत्या. "काय ग बिजले, गाजराचं बी बोटभर खोल पुरतेत व्हय? ते वरच्यावर भुरकायचं अस्तंय. वर माती नखभर. अन् गोणपाट ओलं करून झाकायचं, कोंब दिसला की काढायचं. पण सांगावं कुणाला! ऐकणारी तू एकली."

बिजली पाला चघळत होती. मी तांब्या हातात धरून तशीच उभी. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय.

पण का सांगतात? हे पीक त्यांना हुसकायला लावलंय. हे त्यांना माहीत नसेल? सगळ्या कुंभार पिंपळगावाला माहीत आहे!

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

घरची आवराआवर सोडून पुन्हा पेरलं. बी वाळूत कालवून वरच्यावर भुरकलं. गोणपाट ओलं करून टाकलं. थोडं खोल खणून घ्यावं म्हणून कुदळ मारली तर खण्णकन वाजली. वीतभर माती, खाली सगळा विटांचा आणि दगडांचा मलबा. पूर्वीची भिंत पडली तेव्हाचा तिथंच दाबून टाकलेला. हे म्हणाले, "खोल कशाला जातीस? हिरवं वरच दिसतंय ना."

२७ ऑक्टोबर, सोमवार

आली! आली! गोणपाटाचा कोपरा उचलला आणि खाली हिरव्या केसांसारखं काहीतरी. ओळीच्या ओळी. मी तिथंच मातीत बसले. पंचावन्नाव्या वर्षी माणूस एवढ्याशा कोंबाला पाहून हसतं का? मी हसले.

मग वर पाहिलं. पट्टीच्या त्या टोकाला बिजलीचा खुंटा नव्हता. अक्कांनी तो उपटून दाराला अगदी चिकटून ठोकलाय, शेळीचं तोंड गाजरापर्यंत पोचू नये म्हणून. हसू गेलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज यांचा पराक्रम. मी अंगणवाडीत, पोरांची वजनं चालली होती. हे घरी. म्हणे निंदणी करून ठेवू. गाजरगवत म्हणून दीड ओळ गाजरं उपटली! आणि एक खरं गाजरगवत जपून ठेवलं, बाजूनं माती लावून!

"पानं सारखीच दिसतेत," म्हणे.

दिसतात, कबूल. पण बारा वर्षं कसणाऱ्याला दिसायला नकोत. बारा वर्षांचं काय ते पुढे लिहीन. राधेश्यामजींनी आकडा काढलाय. आज डोकं दुखतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

रोपं दाट झाली आहेत. उपटायला हात होत नाही. एवढ्या मिनतवारीनं आलेली.

पलीकडून: "बिजले, एका खाटंवर सात लेकरं निजवली तर कुणाचं तरी अंग भरतंय का ग? मधली काढावी लागतेत. चार बोटं जागा सोडावी. जीव तुटतो, पण काढावी लागतेत."

काढली. मूठभर झाली. टाकून देववेना म्हणून अक्कांच्या दाराकडे सरकवली आणि पळत न्हाणीत शिरले, चोरी केल्यासारखी. फटीतून पाहिलं. अक्का आल्या, वाकून उचलली, बिजलीपुढे धरली. आमच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. मोठ्या मानी आहेत. मीच कमी पडते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजणीची नोटीस आली. २१ जानेवारी. दोन्ही घरांना.

सोबत यांनी राधेश्यामजींकडून कागद करून आणलाय. प्रतिज्ञापत्र. "मी उषाबाई सर्जेराव, अंगणवाडी सेविका, शपथेवर लिहून देते की, सदर पट्टी मी मागील बारा वर्षांपासून सलग कसत असून त्यात गाजर व इतर भाजीपाला घेत आहे…"

बारा वर्षं! दीड महिना झालाय!

"तुमची सही का नाही?" मी विचारलं.

"माझ्या सहीला कोण विचारतंय? तू गावातली सेविका. सगळ्यांची लेकरं तुझ्या हाताखालून गेलीत. तुझा शब्द कुणी खोटा म्हणत न्हाई."

म्हणूनच माझा खोटा पाहिजे.

राधेश्यामजींनी यांना हसत हसत सांगितलंय म्हणे, "गाजराची पुंगी आहे भाऊ. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली." त्यांचं काय जातं? मोडायची तर मी मोडणार.

१० डिसेंबर

कागद देवळीत ठेवलाय, माझ्या चष्म्याखाली. चष्मा उचलला की कागद दिसतो. मुद्दाम ठेवलाय.

संपत जेवताना फक्त म्हणाला, "आई, मोबाईल रिपेरिंगचा कोर्स केलेलाय मी. गाळा असल्यावर बराबर चालन दुकान." बस, एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं.

२५ डिसेंबर, गुरुवार

थंडी चांगली पडली आहे. पाला गुडघ्याला लागतो. बघणारा म्हणेल काय पीक आहे! राहवलं नाही, एक उपटून पाहिलं.

तीन पायांचं निघालं. मधे विटेचा तुकडा पक्का धरून बसलेलं. दुसरं काढलं. ते आडवं वळून परत वर आलेलं. तिसरं बोटाएवढं, टोकाला बोंड. मी पाहत राहिले. वर एवढा हिरवागार पाला आणि खाली हे!

शेतात हयात घालवलेल्या माणसानं हे पाहिलं तर एका नजरेत सांगेल, ही जमीन पहिल्यांदा उकरली आहे. बारा वर्षं कसली असती तर वीट राहिली असती का आत? गाजर मुकं असलं तरी सगळं सांगून टाकतं. मी तिन्ही पदराखाली घेऊन घरात आले.

४ जानेवारी २०२६, रविवार

यांना दाखवली शेवटी. एकेक हातात घेऊन फिरवून पाहिलं. मला वाटलं आता तरी म्हणतील, जाऊ दे.

"आष्टीचा बाजार कधी असतोय?" म्हणाले.

"कशाला?"

"चांगली सरळ लाल गाजरं आण दहा किलो. आदल्या दिवशी रोवून ठेवू. दोन ओळी, रस्त्याच्या बाजूनं. साहेब काय सगळीच उपटणारंय?"

मला एवढं हसू आलं की पदर तोंडात घालावा लागला. हे चिडले. पण खरंच – बाजारातली पाला छाटलेली गाजरं जमिनीत उभी करायची! आणि मी, शपथेवर लिहून देणारी, शेजारी उभी!

रात्री मात्र हसू आलं नाही. हे खरंच करतील.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला. कुणाशी बोलू?

१८ जानेवारी, रविवार

आज भांडण झालं. चांगलं मोठं. सकाळी, मागच्या पट्टीतच.

मी म्हटलं, "सही करणार नाही." एवढंच म्हटलं.

हे आधी समजावत होते. वहिनीला काय कमी आहे, अंगद कमावतो, बोलवतोय पुण्याला, जाईल की. मी म्हटलं, अंगद दोन वर्षांत एकदा आला, तोही तासाभरासाठी. मग यांचा आवाज चढला. "पोराचं लग्न होईना, अन् तुला जाऊ प्यारी! तू आई हाईस का कोण? सही करायची नसंल तर पिशवी भर अन् चाल आष्टीला, भावाच्या दारात! खरं बोलत बस तिथं!"

पंचावन्न वर्षांच्या बाईला माहेरी धाडतायत. माझा भाऊ स्वतःच लेकाच्या घरी पाहुणा आहे. मला रडू आलं. ते लिहायला लाज नाही – आलं. भीतीही वाटली. हे बोलतात ते करतात, चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज चालू होता, तो थांबला. आज शेळीशीसुद्धा काही बोलल्या नाहीत.

२० जानेवारी

सही केली. संध्याकाळी, संपतसमोर. पेन नीट चाललं.

बाजारची गाजरं मात्र रोवू दिली नाहीत. म्हटलं, पाला नसलेली गाजरं पाहून साहेब हसतील. यांनी मानलं. "मंग उपटायचीच न्हाईत," म्हणाले. "पाला बघू दे फक्त."

२१ जानेवारी, बुधवार

सगळं लिहिते. हात अजून मातीचा आहे, धुतला नाही.

मोजणीवाले साहेब अकराला आले. तरुणच आहेत. बरोबर मदतनीस आणि काठीवरचं यंत्र. सरपंचांनी दोन पंच पाठवले. आधी साहेब पलीकडे गेले. अक्का उंबऱ्यावर बसून बोलत होत्या, साहेब लिहून घेत होते. इथून शब्द ऐकू येत नव्हते. शेवटी अंगठ्याला शाई लावलेली दिसली. मनात म्हटलं, काय काय सांगितलं असेल आमच्याविषयी! आणि सांगितलं तर खोटं काय त्यात?

मग साहेब पट्टीत आले. हे पुढे झाले. "बघा साहेब, पीक उभंय. बारा वर्षं झाली, आमची मंडळी करते. कागद आहे शपथेचा. उषा, दे."

कागद माझ्या पर्समध्ये होता. पर्स काखेत.

साहेबांनी पाल्यावरून हात फिरवला. "गाजर छान आलंय. आमच्या मातोश्री लावतात मंठ्याला. ताई, तुम्ही कधीपासून लावता?"

"बारा –" हे म्हणाले.

"ताईंना बोलू द्या."

सगळे माझ्याकडे बघत होते. पंच, संपत, हे. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि मान हलवत होत्या. नाही, नाही अशी. मला वाटलं, विनवतायत मला – नको ग, खोटं बोलू नको.

मी खाली बसले. पाला धरला आणि उपटलं. चार पायांचं निघालं, मधे अर्धी वीट! मदतनीस पोटभर हसला. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "हे तर पडीक रान हाय की वो."

"पहिल्यांदाच लावली," मी म्हटलं. "ऑक्टोबरात. त्याआधी इथं जाऊबाईंची शेळी असायची. वहिवाट त्यांचीच आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे पाहिलं. काहीतरी विचारणार होते असं वाटलं. विचारलं नाही. लिहून घेतलं. मी सही केली.

प्रतिज्ञापत्र पर्समधून काढलंच नाही. मागे वळले तेव्हा अक्का आत गेल्या होत्या, दार लावून. निदान एकदा बघतील असं वाटलं होतं. राग आला मला त्यांचा, खोटं कशाला लिहू. एवढं केलं मी, आणि दार लावून घेतात!

हे एक शब्द बोलले नाहीत. अजून नाहीत.

२४ जानेवारी, शनिवार

संपत जालन्याला गेला. सळईच्या कंपनीत कुणा मित्रानं लावून दिलंय, भट्टीजवळचं काम. मी डबा भरत होते. म्हणाला, "आई, तू खोटं बोलायला पाहिजे होतं असं म्हणत न्हाई मी. पण तू माझ्यासाठी काहीच करून न्हाई राह्यली, असं वाटलं मला. वाटलं तेवढं सांगतो."

डबा घेतला. पाया पडला. गेला.

मी बरोबर केलं का? काल वाटत होतं, केलं. आज एस. टी. गेली आणि रस्त्यावर उभी राहिले, तेव्हा नाही वाटलं. भट्टीजवळ किती गरम असतं ते माहीत आहे मला. पोराला लहानपणापासून उन्हानं नाकातून रक्त येतं.

२९ जानेवारी

गाजराची कोशिंबीर केली. हे तेवढी वाटी बाजूला सारून बाकीचं जेवले. घरात "पाणी", "दार लाव" एवढंच बोलणं. माहेरी मात्र धाडलं नाही. धाडायलासुद्धा बोलावं लागतं.

पट्टीत कुणीच जात नाही. पाला पिवळा पडून राह्यलाय. अक्काही शेळीला पुढच्या दारानं काढतात, पायऱ्यांवरून ओढत. जिंकल्यावर कुणी असं करतं का? कळत नाही मला त्या बाईचं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मोजणीची नक्कल आली, जबाबांसकट. हे म्हणाले, "वाच." "पाणी", "दार लाव" सोडून एकोणीस दिवसांत पहिल्यांदा काही बोलले. वाचली.

जबाब क्रमांक एक. "मी चतुराबाई बद्रीनाथ, जबाब देते की, सदर पट्टी माझी धाकटी जाऊ उषाबाई ही मागील बारा वर्षांपासून कसते. त्यात गाजर व भाजीपाला घेते. माझी शेळी तिथे कधीही नव्हती. पट्टी तिला देण्यास माझी हरकत नाही. वाचून दाखवले, बरोबर आहे." खाली अंगठा.

माझ्या आधी! अठरा तारखेला त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला घराबाहेर काढतील म्हणून शेळीसकट सगळं देऊन टाकलं होतं, आणि मी उपटायला बसले तेव्हा मान हलवत होत्या ती यासाठी.

हे म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग उठले, पायात चप्पल न घालता मागच्या पट्टीत उतरले. गाजरांतून चालत गेले. "वहिनी," अशी हाक ऐकली मी. कडी निघाली. दार उघडलं.

त्याला अर्धा तास झाला. हे अजून आतच आहेत.